काशीला आणलेलं पाणी

मनमाड स्टेशनवर गाडी हलली तेव्हा आई रडली नाही. खिडकीच्या गजांतून हात घालून तिनं तो माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "देऊळ सोडू नको." देऊळ म्हणजे चर्च, नगरकडची आम्ही ख्रिस्ती माणसं तसंच म्हणतो. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. यांची बँकेतली बदली बनारसला झाली होती आणि त्या गावाबद्दल मला एवढंच ठाऊक होतं, की लोक तिथं पापं धुवायला जातात. "मग आपली कुठं धुवायची?" असं म्हणून मी भुसावळपर्यंत यांना पिडलं.

गावी राहिलेल्या भावंडांनो, आईच्या बाटलीची गोष्ट तुम्ही तिच्या तोंडून ऐकलीत, पण ती अर्धीच.

जागा मिळाली ब्रह्मा घाटाजवळच्या गल्लीत. ख्रिस्ती आहोत हे यांनी आधीच सांगून टाकलं. घरमालकीण काकू मूळच्या मराठीच, पण त्यांच्या घराण्याच्या कित्येक पिढ्या तिथंच गेलेल्या. त्यांनी विचारलं, "घरात मराठी बोलता ना? मग या. परेशान कशाला होता?" त्यांच्या त्या हिंदी मिसळलेल्या मराठीला मी तोंड लपवून हसायची. आज माझीही तशीच झाली आहे, आणि लेक मला हसते.

पहिलं बाळ तिथंच झालं आणि श्वास न घेताच गेलं. मी देवाशी अबोला धरला. छावणीतल्या चर्चचे पाद्रीसाहेब सायकलवरून यायचे, प्रार्थना करायचे. मी चहा द्यायची, पण आमेन म्हणायची नाही. आईला पत्रात लिहायची, सगळं ठीक आहे.

मग मुलगी झाली आणि तिच्या बाप्तिस्म्यासाठी आई आली. मांडीवर काचेची बाटली, बुचावर चिंधी बांधलेली. आपल्या देवळाच्या आवारातल्या विहिरीचं पाणी! आपणा सगळ्या भावंडांचा बाप्तिस्मा त्याच पाण्यानं झालेला. डब्यातली माणसं म्हणे सारा रस्ता हसत होती, "माताजी, लोग काशी से पानी ले जाते हैं, आप लेकर जा रही हैं?"

बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या आईबापांना त्यांच्या विश्वासाबद्दल विचारतात. मी मनाशी ठरवलं होतं, आईसाठी ओठ हलवायचे, बाकीचं ते पाणी बघून घेईल.

बाप्तिस्म्याच्या दिवशी सकाळी बाळाला न्हाऊ घालून काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि खुशीत बाहेर आल्या. "अगं, बाटलीतलं पाणी एकदम बासी झालं होतं. तळाला गाळ. तुळशीला घातलं आणि गंगाजळ भरून ठेवलंय. शुभ दिवस आहे ना!"

ते पाणी कुठलं होतं, हे आईनं सांगितलं. खरा प्रकार कळल्यावर काकूंना रडू आवरेना. शेवटी आईनंच त्यांचे डोळे पुसले आणि म्हणाली, "तुम्हीही चला."

रिक्षात माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, मला तिथं काही बोलता यायचं नाही." आणि मग सगळंच सांगितलं, तो अबोलासुद्धा. आईनं बाळाचं टोपडं सारखं केलं.

"तुझ्या आधी माझंही एक गेलं होतं," ती म्हणाली. "तुझ्या वेळी पाळकांनी विचारलं तेव्हा माझ्याही तोंडून शब्द फुटेना."

"मग?"

"मग म्हटलं होय. आधी खरं नव्हतं. म्हणता म्हणता झालं."

हे तुम्हाला कुणालाच माहीत नव्हतं ना? मलाही नव्हतं.

चर्चमध्ये पाद्रीसाहेबांनी स्वतः हातपंप हापसून भांडं भरलं. आईचा चेहरा बघून म्हणाले, "माताजी, जिस यर्दन नदी में प्रभु का बपतिस्मा हुआ, उसका पानी होता तो भी पानी ही होता. असली चीज़ प्रभु का वचन है." शेवटच्या बाकावर काकू डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या. मग पाद्रीसाहेबांनी मला विचारलं, "आप प्रभु यीशु पर विश्वास करती हैं?" आता ओठ हलवून भागणार नव्हतं, ज्याच्या भरवशावर आले होते ते पाणी तुळशीला गेलं होतं. बाळानं माझं बोट धरलं होतं. मी मराठीतच म्हणाले, "होय." खूप रडले. कितीतरी दिवसांनी आमेनही म्हणाले.

आई गावी परत निघाली तेव्हा काकूंनी तीच बाटली गंगाजळासकट तिच्या हातात दिली. पुढं गावी गेले तेव्हा आईला विचारलं, त्या पाण्याचं काय केलंस? म्हणाली, "गाडीत तहान लागली, प्याले. चांगलं होतं."

आई गेली, काकूही गेल्या. आम्ही मात्र बनारसलाच राहिलो. तुमचं घर कुठलं, असं कुणी विचारलं की पूर्वी मी गावाचं नाव सांगायची. आता वाटतं, जिथं रुसून बसता येतं, आणि पुन्हा बोलायला लागलं की इतके दिवस कुठं होतीस, असं कुणी विचारत नाही, ते घर.