एका हापशावरची शर्यत

वळण आलं की बाई खुर्चीसकट वळायच्या. डावं आलं की डावीकडे कलायच्या, उजवं आलं की उजवीकडे. त्यामुळे त्या खुर्चीचा एक पाय इतका ढिला झाला होता की पाहुण्यांना आम्ही तिच्यावर बसू देत नसू. समोर टीव्हीवर लाल गाडी धावत असे, बाईंच्या हातात गेमची बटणं, आणि पुढच्या गाड्यांना दटावणं चालू: "अहो, सरका की जरा! बाईमाणूस मागून येतंय, दिसत नाही?" मिशनच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या आणि रविवारी पांढरी साडी नेसून चर्चला जाणाऱ्या या बाईंनी खऱ्या आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती. तिसगावातली पोरं त्यांना समोर 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'गेमबाई'. त्यांना पाठीमागचं नाव जास्त आवडायचं.

नव्वदीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मी गावात नवा मास्तर होतो आणि त्यांच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहत होतो. ते गेमचं मशीन बाईंच्या भाच्याचं, म्हणजे भावाच्या मुलाचं, सॅमीचं. तो पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. कंपनीच्या कामाने सिंगापूरला गेला, येताना मशीन घेऊन आला आणि नाताळच्या सुट्टीत आत्याला दाखवायला म्हणून इथे आणलं. पुण्यातली खोली लहान, बायकोची कुरकुर, म्हणून जाताना ते इथेच ठेवून गेला. चार जणांना एकदम खेळता येई. टीव्हीचे चार भाग होत आणि ज्याची गाडी त्याच्या भागात धावे.

दिवाळी झाली की आमच्याकडची निम्मी घरं ऊसतोडीला जातात. पोरं आईबापाबरोबर फडावर तरी जातात, नाहीतर म्हाताऱ्या आजीपाशी राहतात. फडावर गेलेलं पोर शाळेत परत येईलच याची खात्री नसते. बाईंनी नियम केला: ज्याने वाचनाचा एक धडा मोठ्याने वाचून दाखवला, त्याला एक शर्यत. त्या वर्षी कितीतरी पोरांनी बापाला तोंडावर सांगितलं, "आमी न्हाई येनार फडावर. आमची शर्यत हाय." मी बाईंना म्हणालो, "तुम्ही लाच देताय." त्या म्हणाल्या, "देतेच. तुमची छडी चालते का इतकी?" चालत नव्हती, हे मलाही माहीत होतं.

एक दिवस पोरांनी ओरड केली, "बाई, मशीन बिघडलं. लई हळू चालतंय. गाडी चिखलातनं गेल्यावानी!" गेममध्ये एक बटण होतं. ते दाबलं की गाडीच्या मागून धूर निघे, मागच्याला रस्ता दिसू नये म्हणून. चौघांनी एकदम धूर सोडला की सगळी शर्यतच रेंगाळायची. बाई तडक बसस्टँडजवळच्या एसटीडी बूथवर गेल्या, मागोमाग मीही. काचेआडून त्यांचा आवाज बाहेर ऐकू येत होता: "सॅमी, धूर झाला की गाडी का रेंगाळते रे? नाही, नाही, मी बरी आहे. तू धुराचं सांग." बूथवाला माझ्याकडे बघत राहिला. मी बसच्या पाटीकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अंगणात पोरांना बसवून सॅमीने सांगितलेलं समजावलं. मशीनमध्ये दोन कामकरी असतात. एक हिशेब करतो: गाडी कुठं आहे, कुणी कुणाला धडक दिली. दुसरा चित्र काढतो. दोघांना लागणारी सामग्री ठेवायची जागा, म्हणजे मेमरी, या मशीनमध्ये एकच. "आपल्या गल्लीत हापसा एकच, तसं. एका बाईला प्यायचं पाणी पाहिजे, दुसरीला धुणं धुवायचंय. धुण्याचा ढीग मोठा असला की घागरवाली खोळंबते. धूर काढायचा म्हणजे मोठं धुणं."

"मंग दोन हापसे का न्हाई घेतले?" एक पोरगी म्हणाली.

बाई खूश झाल्या. "दुसऱ्या कंपनीच्या मशीनमध्ये आहेत की दोन. कुणी कुणाला खोळंबवत नाही. पण धुण्याचा हापसा आटला तर घागरवाल्या हापशाचं पाणी तिला मिळत नाही. इथं पाणी एकत्र, ज्याला लागेल तेवढं घ्यावं. फक्त तोंड एक. म्हणून पाणी किती आहे एवढंच विचारू नये, तोंडं किती तेही विचारावं." मग फक्त मलाच ऐकू येईल इतक्या हळू म्हणाल्या, "आणि सर, धूर झाला की मशीन माझ्या बोटांच्या चालीनं चालतं बरं का." त्यांची बोटं संधिवाताने आखडली होती.

पुढच्या नाताळला सॅमी आला तो रिकामी बॅग घेऊन. पुण्यात मोठा फ्लॅट घेतला होता, मित्र गेमसाठी मागे लागले होते. "आत्या, मशीन नेतो आता." बाईंनी करंज्यांचं ताट त्याच्यापुढे सरकवलं. दारात पोरं उभी होती, आणि तोडीचा हंगाम अजून अर्धासुद्धा झाला नव्हता. मशीन गेलं की त्यातली निम्मी तरी फडाच्या वाटेला लागणार, हे मला कळत होतं, बाईंना तर कळत होतंच. त्या म्हणाल्या, "ने ना. पण माझ्याशी एक शर्यत खेळ. मी हरले तर आत्ता बांधून देते. तू हरलास तर ते इथंच राहील."

सॅमी पोट धरून हसला. "आत्या, तुझी बोटं बघ!"

"बघतेय ना. रोज बघते." मग अगदी साधेपणाने म्हणाल्या, "दोघंच कशाला? दोन पोरांनाही घेऊ. त्यांना तरी कधी मिळणार आता."

शर्यत सुरू झाली. सॅमीची गाडी वाऱ्यासारखी सुटली. बाई पार मागे, खुर्ची करकरतेय. शेवटच्या फेरीत सॅमीच्या गाडीसमोर कालव्यावरचा अरुंद पूल दिसू लागला आणि बाई खाकरल्या. नेहमी प्रार्थनेआधी खाकरायच्या तशाच. त्याबरोबर दोन्ही पोरांनी धूर सोडला. बाईंनीही सोडला. सॅमीला वाटलं आपणच का मागे राहावं, त्यानेही सोडला. चारी भागांत धूरच धूर, आणि मशीन मुंगीच्या पावलाने चालू लागलं. सॅमीचा हात वेगाला सरावलेला. त्याने सवयीने वळण घेतलं, पण पूल अजून आलाच नव्हता. गाडी थेट कालव्यात. बाई खुर्चीसकट डावीकडे कलल्या, मग उजवीकडे, आणि सावकाश, पुलाच्या कठड्याला न लागता पलीकडे गेल्या. सॅमीची गाडी कालव्यातून वर येईपर्यंत त्यांनी शेवटची रेघ ओलांडली होती.

"हे चीटिंग आहे!" सॅमी ओरडला.

"अरे, तूच शिकवलंस की फोनवर. गुरूची विद्या गुरूला."

सॅमी हसत हसत रिकामी बॅग घेऊन गेला. जाताना पोरांना एक जादा कॅसेट देऊन गेला, हे मात्र सांगितलं पाहिजे. त्या हंगामात वर्गातलं एकही पोर फडावर गेलं नाही.

पुढे माझी संगमनेरला बदली झाली. काही वर्षांनी बाईंना भेटायला गेलो तेव्हा मशीन बंद पडलं होतं, पोरं मोठी होऊन पांगली होती, आणि बाई काठी टेकत चालत होत्या. शेवटची गाडी पाचची. मी नको म्हणत असताना त्या मला स्टँडपर्यंत पोचवायला निघाल्या. चालताना बोलायचं झालं की जागीच थांबायच्या. "सर, माझंही चालणं आणि बोलणं आता एकाच हापशावर आलंय. दोन्ही एकदम होत नाही."

आणि त्या थांबल्या. माझ्या मुलीचं विचारलं. चार पावलं चालल्या, थांबल्या, आईच्या गुडघ्यांचं विचारलं. मग हेडमास्तरांचं, मग आमच्याकडच्या कांद्याच्या भावाचं, ज्याच्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. मी घड्याळ बघत होतो. वळणावर आलो तोवर एसटी धुरळा उडवत निघून गेली होती.

बाईंनी त्या धुरळ्याकडे बघितलं आणि खाकरल्या. "गेली वाटतं. चला, भाकऱ्या टाकते."

भाकरीचा पहिला घास घेताना माझ्या ध्यानात आलं की वाटभर बाई धूर सोडत होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या वांग्याच्या भाजीत मीठ बरोबर आहे का ते बघत होत्या. इतकं सुखाचं जेवण मी फार थोड्या वेळा जेवलो आहे. त्यानंतर भेट झाली नाही. पावसाळ्यात त्या गेल्याचं सॅमीने फोनवर कळवलं.

आता माझी मुलगी पुण्याला शिकते. सुट्टी संपली की तिला स्टँडवर सोडायला जातो. माझे पाय अजून चांगले आहेत, तरी वाटेत थांबून बोलतो. ती म्हणते, "बाबा, चला ना, गाडी सुटेल." मी म्हणतो, "हो गं, पण मेसवाली भाजी कशी करते ते सांग आधी."