शीतल बोलतेय का?

"हॅलो, शीतल बोलतेय. म्याडम, पाच तारखेला पाचशे भरते."

दर महिन्याला हेच उत्तर. आवाज कोवळा, नम्र. मी तेव्हा दिंद्रुडच्या शाखेत वसुली बघत होते. शीतलने नर्सिंगसाठी शैक्षणिक कर्ज घेतलं होतं आणि खातं NPA झालं होतं. तीन महिने हप्ता थकला की बँक खात्याला हा शिक्का मारते. पाचशे रुपये मात्र न चुकता यायचे, स्लिपवर गोल अक्षरात तिची सही असायची.

गंमत अशी की एवढं भरूनही कर्ज कमी होत नव्हतं. नोटीस पाठवली, तिचा खर्च खात्यावर. वसुली एजंट गावात जाऊन घराचं कुलूप बघून परत आला, त्याची फी खात्यावर. भरलेला पैसा आधी या खर्चात जातो, मग व्याजात, उरला तर मुद्दलात. मुद्दलापर्यंत तो कधी पोचलाच नाही.

कोर्टात जाण्याआधी घरी जाऊन या, असा वरून आदेश आला. मी मंगळवारी फोन केला.

"या की म्याडम. आमी घरीच हाय," शीतल म्हणाली.

गुरुवारी भर दुपारी गेले. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. वडील शेरडं घेऊन माळावर गेले होते. शीतलच्या धाकट्या बहिणीने, पूजाने, बाज टाकली. आतून स्टोव्हचा आवाज येत होता, आई चहा ठेवत होती. मी बसले आणि समोरच्या भिंतीकडे बघितलं. हार घातलेला फोटो. कर्जाच्या अर्जावर होता, तोच.

"हे कधी झालं?"

"तीन वर्सं झाली. अक्काला डेंगू झालता."

"अगं, मी परवा बोलले तिच्याशी!"

काय करावं सुचेना, म्हणून तोच नंबर लावला. आतल्या खोलीत रिंग वाजली. स्टोव्ह बंद झाला.

"हॅलो, शीतल बोलतेय."

आवाज माझ्या कानातल्या फोनमधून आला आणि दारातूनही आला. पूजा तर माझ्यासमोर बसली होती. मी उठून आत डोकावले. गयाबाई, म्हणजे मुलींची आई, भिंतीकडे तोंड करून उभी होती. पन्नाशीची बाई, आणि आवाज वीस वर्षांच्या पोरीचा. खरं सांगते, मी घाबरले. तिला हाक मारायचंही धाडस झालं नाही, मीच फोन कट केला.

ती चहा घेऊन बाहेर आली, तेव्हा आवाज तिचा स्वतःचा होता. तीन कप भरले होते. एक तिने फोटोखाली ठेवला.

पूजा मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. "म्याडम, मला बी नर्सिंगला नंबर लागलाय. दुसऱ्या बँकेत गेलते. अक्काच्या कर्जाला बापाची बी सही हाय, त्याचं नाव थकबाकीत हाय म्हनून कर्ज देत न्हाईत. दिवाळीच्या आत फी भरायची हाय."

"मग शीतल गेल्याचं बँकेत का नाही सांगितलं?"

"आई सांगू देत न्हाई."

शाखेत आल्यावर फाइल काढली. पहिल्याच महिन्यात विम्याचा हप्ता कापलेला दिसला. कर्ज देताना आम्हीच शीतलचा विमा उतरवला होता, म्हणजे कर्जदार गेला तर विमा कंपनी कर्ज फेडते. तो कागद आमच्याच फाइलमध्ये पडून होता, घरच्यांना दिलाच नव्हता.

मी मॅनेजरांच्या टेबलावर फाइल ठेवली. "सर, तीन वर्षं आपण मेलेल्या मुलीला नोटिसा पाठवतोय."

"मॅडम, पण फोन तर उचलत होती ना?"

"होय, उचलत होती."

मृत्यूचा दाखला गयाबाईच्या पेटीत होता. तो काढून आणायला पूजाला आठ दिवस लागले. उशिराचं कारण लिहून क्लेम पाठवला. विमा कंपनीने मृत्यूच्या दिवशीची बाकी दिली. त्यानंतरचं व्याज, नोटिसा, एजंटची फी असं सगळं मी वर भांडून माफ करून घेतलं. खातं बंद झालं, बापाचं नाव थकबाकीतून निघालं. पूजाला कर्ज मिळालं. फी आठवडाभर उशिरा गेली, कॉलेजने दंड घेतलाच.

कर्ज फिटल्याचं पत्र न्यायला गयाबाई आली. अंगठा टेकवला आणि तिथेच उभी राहिली. सही तिला येत नव्हती. स्लिपवर शीतलची सही कोण करायचं, हे मी आजवर विचारलेलं नाही.

"म्याडम, आता फोन येनार न्हाई?"

"नाही. खातं बंद झालं."

"तिला कुनीच इचारत न्हाई हो आता. घरात बी नाव काढत न्हाईत. तुमी तेवढ्या म्हनायच्या, शीतल बोलतेय का."

मी पत्र पाकिटात घालून तिच्या हातात दिलं.

आता नव्या अधिकाऱ्यांना शिकवताना मी सांगते: विम्याचा कागद कर्जदाराच्या हातात द्या. खर्च खात्यावर टाकलात तर त्याचा हिशोब लेखी कळवा. घरात कुणी गेलं तर बँकेला दाखला द्यायला सांगा. आणि फोनवरच्या आवाजाला ओळखीचा पुरावा मानू नका. गयाबाईचं बोलणं मी त्यांना सांगत नाही. फोनच्या यादीतून तो नंबर काढायला मला दोन महिने लागले, हेही सांगत नाही.