रोट मी बाहेरच्या बाईला दिला

पेटीत शर्ट नव्हता. पार तळापर्यंत हात घातला, गोधड्या उपसून बाहेर टाकल्या, तरी नव्हता, आणि मागून खाटेवरून हे विचारत होते, "सापडला का गं? हिरवा बघ, खिशाच्या आतल्या अंगाला बिल्ला टोचलेला." हिरवा म्हणताच शर्ट कुठे गेला ते माझ्या लक्षात आलं. श्रावणात कानबाई, आमची खानदेशातली देवी, घरात बसायच्या आधी आमच्याकडे सगळं घर धुऊन काढतात, जुनी चिंधीसुद्धा ठेवत नाहीत. मीच तो शर्ट बोहारणीला दिला होता, दोन साड्यांच्या खाली घालून, आणि बदल्यात पातेलं घेतलं होतं.

हे फौजेत होते. तोफेच्या नळीला आतून भेग गेली का ते किरणं सोडून बघायचं, त्याचे फोटो काढायचे, असं यांचं काम. किरणं अंगाला किती लागली ते कळावं म्हणून छातीवर छोटा बिल्ला लावायचे, त्याच्यावर यांचा नंबर. एकदा कामावरच चक्कर येऊन पडले, तसंच उचलून दवाखान्यात नेलं, बिल्ला शर्टातच राहून गेला. पुढे रक्ताचा आजार निघाला आणि नोकरी सुटली. अपंगत्वाची पेन्शन मागितली तर तिकडून विचारणा, हा आजार नोकरीमुळेच झाला कशावरून? धुळ्याच्या ऑफिसातले साहेब चांगले होते. तेही म्हणाले, "ताई, हे किरणांच्या कामावर होते अशी नोंदच सापडत नाही. काहीतरी हातात द्या, मी पुढे पाठवतो." तेव्हा यांना बिल्ला आठवला. तो नाही तर पेन्शन नाही, पेन्शन नाही तर पुढची औषधं नाहीत. मी सातवी शिकलेली, पण एवढं मला कळत होतं.

मी म्हटलं, "अहो, मी देऊन टाकला." हे ओरडले असते तर बरं झालं असतं. भिंतीकडे तोंड केलं आणि पडून राहिले.

पोरीला कडेवर घेतलं आणि दोंडाईच्याचा बाजार गाठला. जुने कपडे विकणाऱ्यांचे ढीगच्या ढीग उपसले. एकजण हसला, "ताई, शर्ट शोधी राहिनी का शर्टमधला?" बाकीचेही हसले. बोहारणीचं नाव मला माहीत नाही, गाव माहीत नाही, काय सांगणार? स्टेशनवर बाकावर बसून आईला फोन लावला. ती म्हणाली, सासूला कळू देऊ नको, आणि ठेवला. एवढी माणसं येत होती, जात होती, आणि त्यांत माझं असं एकही नव्हतं. पोरगी रडायला लागली तशी मीपण रडले.

मग कानबाई बसली. बायका गाणी म्हणत होत्या, फुगड्या खेळत होत्या, मी मागे उभी. सोमवारी नदीवर विसर्जनाला माय चालली तेव्हा मनात म्हटलं, माय, तुझंच घर झाडता झाडता गेलं ते. आता मी शोधत नाही. माझ्याकडून होत नाही. तुला ठेवायचं तसं ठेव. आणि खरं सांगते, तेवढ्यापुरतं छातीवरचं ओझं उतरलं. यांना एकटं ठेवलेलं, म्हणून बाकीच्यांच्या आधी मी घरी आले.

दारात एक म्हातारी बसलेली. ना टोपली, ना भांडी. मला वाटलं मागणारी असेल. तोंड पार सुकलेलं. म्हणाली, "माय, शिंदखेड्यापासून पायी ऊनू. काही खायाले शे का?" आता आमच्या घरात रोट संपेपर्यंत दुसरं काही रांधत नाहीत, आणि रोट म्हणजे कणकेच्या पोळ्या, कानबाईचा प्रसाद, तो भाऊबंदांनीच खायचा. बाहेरच्याला तुकडासुद्धा देत नाहीत, लेक सासरी गेली की तिलाही नाही. मी आत गेले, टोपली उघडली, झाकली, परत उघडली. ती बाहेर भिंतीला डोकं टेकून बसलेली दिसत होती. मी दह्यासोबत एक रोट तिच्यापुढे ठेवला.

खाऊन, पाणी पिऊन तिने विचारलं, "हिरवा शर्टवर पातेलं लिधं ते घर हाईच का? सूननी सांगं, दारमा निंब शे." ती त्याच बोहारणीची सासू निघाली. तिने पदराची गाठ सोडली. गाठीत बिल्ला. शर्ट विकायच्या आधी उसवताना सापडला म्हणे. "कोन्हं तरी ताईत शे, आसं वाटनं. ताईत आम्ही नही इकतस माय, पाप लागस. ज्यानं शे त्याले देवो."

मी तिचे पाय धरले. मागून सासूबाई आल्या, उष्टी ताटली बघितली. "काय करनी व तू हाई? रोट बाहेरनाले दिधा?" म्हातारी घाबरून उठली आणि चालती झाली. नाव विचारायचंही राहून गेलं.

बिल्ला धुळ्याला दिला, तिथून पुढे तपासायला गेला. नंबरावरून यांचं काम सापडलं, आणि डॉक्टरांच्या बोर्डाने लिहून दिलं की आजार नोकरीमुळेच. पेन्शन लागली. औषधं चालू आहेत. पण मध्ये यांना ताप आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, मायचा कोप झाला. यंदा रोटाच्या कणकेला मी हात लावायचा नाही, असं सगळ्या भाऊबंदांनी ठरवलंय. हे माझ्या बाजूने बोलत नाहीत, बोलायची ताकदच नाही त्यांच्यात.

मी भांडत नाही. कानबाईपुढे हात जोडते आणि म्हणते, माय, राग असेल तर माझ्यावर ठेव, यांच्यावर नको. पण तो ताप मला मायचा राग वाटतच नाही. मी शोधणं सोडलं त्याच दिवशी माय, तूच दारात आलीस, उपाशी आलीस, असं वाटतं. हे घरात कोणाला सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिते. तुमच्या दारात ती बाई बसलेली असती, तिच्या पदरात काय आहे ते ठाऊक नसतं, आणि घरात फक्त रोट असते, तर तुम्ही काय केलं असतं?