झोपाळू बटाटे

आमच्या नाशिकच्या प्रयोगशाळेत बटाट्यांची खोली सांभाळणारे मामा घरचे भाजीवाले. बटाटा हातात आला की आधी अंगठ्यानं त्याचे डोळे चाचपायचे. मोड रोखणारं संप्रेरक बटाट्यात कमी-जास्त असणं आईबापांकडून येतं का, हे मी तपासत होतो.

एका सकाळी पाहतो तर सगळे मोड खुडलेले! मोडाचा माल मांडायचा नाही, ही त्यांची मंडईची सवय.

"मामा, वर्ष गेलं माझं!"

"नाय गेलं. ज्याचे मोड त्याच्याच बशीत हायेत."

खरंच होते. एकाच बशीत मोड नव्हते. तिच्यातला बटाटा कुरवाळत ते म्हणाले, "ह्याला नाय आले. ह्याची आईबी लय झोपाळू."

दोन महिन्यांनी संप्रेरक मोजणाऱ्या यंत्रानं तेच सांगितलं: त्या बटाट्यात आणि त्याच्या आईत ते सगळ्यांत जास्त. शोधनिबंधात मी आभार मानले, यंत्र देणाऱ्यांचे.