हाडाला हाडच म्हटलं

माझं माहेर वरोऱ्याकडचं. आमच्या शेतात नांगराच्या फाळाला दगडी हाडं लागायची. आकार हाडाचा आणि वजन दगडाचं. मोडक्या टोकाकडून पाहिलं तर आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी दिसायची. गडी ती उचलून बांधावर टाकत, आणि आम्ही पोरी त्यातल्याच एका मोठ्या तुकड्यावर बसून न्याहारी करायचो. आजोबांच्या तरुणपणी एक गोरा साहेब तिथं तंबू ठोकून राहिला होता आणि गाडीभर हाडं घेऊन गेला होता. हे जनावर हत्तीहून मोठं होतं आणि जातीनं सरड्याच्या जवळचं, असं त्यानं आजोबांना सांगितलं. आजोबांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. सरडा एवढा कसा होईल, म्हणायचे. पण हाड जनावराचं आहे आणि जनावर कधीचंच मेलेलं आहे, याबद्दल आमच्या गावात कुणाला शंका नव्हती. म्हणून भीतीही नव्हती.

लग्न होऊन मी वाशीमकडच्या मालेगावजवळच्या एका खेड्यात आले. इथं जिकडंतिकडं काळा पाषाण. घराच्या जोत्याला तोच, देवळाच्या पायरीला तोच, आणि शेतातल्या वीतभर मातीखालीही तोच. माहेरची हाडं मी एकदा गमतीत सांगितली तर बायका तोंडाला पदर लावून हसल्या. "हिच्या मायेरी हाडं पिकते," असं नावच पडलं माझ्या माहेराला. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

सासरे वारल्यावर दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. थोरल्या दिरांना नाल्याकाठची जमीन आणि विहीर मिळाली. आमच्या वाट्याला वरचं कोरडं रान आलं. माझा नवरा भांडणाला भिणारा माणूस. मिळालं ते घेतलं आणि गप्प बसला. दोन हंगाम मी डोक्यावरून पाणी आणून मिरचीची रोपं जगवली, मग म्हटलं, आपण विहीर खणू. बऱ्याच दिवसांनी तो स्वतःच मालेगावला जाऊन सुरुंगवाल्या चाचांशी बोलून आला.

चाचांचं सगळं घराणं दगडफोडीचं. बोलणं कमी, काम नीट. त्यांनी माणसं लावली आणि उन्हाळ्याच्या तोंडाला खणती सुरू झाली. आधी मुरूम लागला, मग ते ज्याला मांजऱ्या म्हणतात तो भोकाभोकांचा खडक, आणि त्याखाली अखंड काळा दगड. सुरुंगामागून सुरुंग उडाले. थोरले दीर येता-जाता काठावर थांबत आणि कुणाकडंही न पाहता म्हणत, की या रानात पाणी असतं तर बापानं कधीच काढलं असतं. खरी गोष्ट अशी होती, की आमची विहीर लागली तर आपली आटेल, ही धास्ती त्यांना होती.

एका सकाळी काळ्याखालून पांढरा दगड निघाला. पांढरा म्हणजे राखाडीकडं झुकणारा, कुठं चुनखडीसारखा मऊ, कुठं गारेसारखा टणक. टोपल्यातून वर आलेला पहिला तुकडा मी हातात घेतला. त्यात बोटाच्या पेराएवढे शंख होते, गोगलगायीचे असतात तसे, पण दगडाचे. माहेरची हाडं अशाच फिकट मातीत निघायची.

दुपारपर्यंत ओरड झाली. खाली माणसाच्या मांडीहून जाड काहीतरी आडवं निघालं होतं, आणि मोडल्या जागी त्याला जाळी होती. खाली खणणारे दोघेही गडी दोराला लोंबकळत वर आले. राक्षसाचं हाड आहे, आम्ही हात लावणार नाही, म्हणाले. अवजारं खालीच टाकून ते गावात गेले, आणि त्यांच्याआधी बातमी गेली. चाचा विहिरीच्या काठावर बसून राहिले. मला म्हणाले, "बेटी, माह्यं काम दगडाचं. पण माणसं उतरत नसन, तं मी एकटा काय करू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटील, थोरले दीर आणि गावातली चार जाणती माणसं शेतात आली. दीर म्हणाले, की धरतीच्या पोटात गाडलेला असुर बाहेर काढणं म्हणजे गावावर अरिष्ट ओढवणं. विहीर आजच बुजवावी. पाटलांनी मान डोलावली. माझा नवरा जमिनीकडं पाहत उभा होता.

आमच्याकडं सून थोरल्या दिरांसमोर येत नाही, त्यांच्याशी बोलत तर नाहीच. लग्नाला नऊ-दहा वर्षं होऊन गेली होती, पण त्यांनी माझा आवाज कधी ऐकला नव्हता. मी बाभळीमागे उभी राहून सगळं ऐकत होते. बुजवावी हा शब्द कानावर पडला आणि माझे पाय आपोआप पुढं गेले. डोक्यावरचा पदर मी ठेवला होता, तोंडावरचा नाही.

"ते असुर नाई," मी म्हटलं. "हाड हाये. जनावराचं हाड. माह्या बापाच्या बांधावर असे ढीग हायेत. त्याच्यावर बसून आमी भाकर खाल्ली."

दीर माझ्याकडं न पाहता पाटलांना म्हणाले, "बाईमाणसाचं कायले आयकता? बाहेरून आलेली ते."

"बाहेरून आली, पण रान माह्यं हाये," मी म्हटलं. "विहीर बुजवाची असन, तं आधी मी उतरते. मंग टाका माती."

खणत्या विहिरीत बाईनं पाय ठेवायचा नाही, असा दंडक. पाणी पळतं म्हणतात. मी लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला आणि दगड काढायच्या मोठ्या टोपल्यात जाऊन बसले. दोर कुणी धरायचा? पाटील हलले नाहीत. चाचा उठले, पण त्यांच्याआधी माझ्या नवऱ्यानं येऊन दोर हातात घेतला. भावाकडं त्यानं पाहिलं नाही. एवढंच म्हणाला, "हळू बस." साऱ्या संसारात त्याचं मला सगळ्यात लाडकं वाटलेलं बोलणं हेच.

खाली गारवा होता आणि सुरुंगाच्या दारूचा वास. वर पाहिलं तर आभाळाचा गोल आणि त्याच्या काठावर डोकी. मी चाचांची छिन्नी घेतली आणि हाडाच्या बाजूचा मऊ दगड उकरू लागले. हात सोलवटले. भीती वाटत नव्हती असं म्हणणार नाही. पण ती हाडाची नव्हती. वरून कुणी खरंच माती लोटली तर, याची होती. थोड्या वेळानं टोपलं परत आलं, त्यात चाचा. ते समोरच्या बाजूनं खणू लागले. हाड अखंड निघालं नाही, मधून दुभंगलं. दोन्ही तुकडे आम्ही एकेक करून वर पाठवले. मी वर आले तेव्हा शेतात नवऱ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

हाड मी घरी आणलं आणि ओसरीच्या बाजूला, सगळ्यांना दिसेल असं ठेवलं. लपवलं असतं तर बोलणी कमी झाली असती. पण लपवायचं काहून? त्या महिन्यात मला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. शेजारीण मिरच्या मागायला यायची, ती यायची बंद झाली. दिरांचा एक बैल फुगून मेला, त्याचंही खापर हाडावर फुटलं. बैल ज्वारीचा कोवळा पाला खाऊन मेला हे त्यांच्या गड्यालाही ठाऊक होतं. मी रोज सकाळी ओसरी झाडताना हाडावरची धूळ पुसायचे, आणि रस्त्यानं जाणारी माणसं पाहत असली तर जरा जास्त वेळ पुसायचे.

चाचांनी धनजकडची दुसरी माणसं आणली आणि खणती पुढं चालली. पांढऱ्या थराच्या बुडाशी, जिथं खालचा काळा दगड सुरू होतो, तिथं एका कडेनं ओल दिसली. मग झिरा सुटला. फार मोठं पाणी नव्हतं. मोट दिवसभर चालली तर संध्याकाळी बूड दिसायचं. पण मिरची जगली, आणि पुढं थोडा ऊसही.

आणि मग गावाचं मत फिरलं. थोरले दीर एका सोमवारी पुजाऱ्याला घेऊन आमच्या दारात आले. हातात नारळ, वाटीत शेंदूर. आता त्यांचं म्हणणं असं, की हा देव आहे, त्यानंच पाणी दिलं, आणि देवाला ओसरीवर ठेवणं हा अपमान आहे. नाल्याकाठी, त्यांच्या जमिनीत, चौथरा बांधून त्याची स्थापना करायची. पुजारी माझ्या नवऱ्याला समजावत होता, की लांबून लोक येतील, गावाचं नाव होईल. नवरा म्हणाला, "तिले विचारा. तिनं काढलं."

मी दारात आले. दीर या खेपेला माझ्याशी थेट बोलले. "सूनबाई, चुकलं आमचं. शेंदूर लावून घेऊ."

त्यांनी चुकलं म्हणणं ही लहान गोष्ट नव्हती, हे मला कळत होतं. हो म्हटलं असतं तर सगळं सरळ झालं असतं. बायका परत आल्या असत्या, हळदीकुंकू लागलं असतं.

"तवा हे असुर नव्हतं, आता हे देव नाई," मी म्हटलं. "हाड हाये. शेंदूर देवळात लावा."

पुजारी तरातरा निघून गेला. दीर नारळ ओसरीवर ठेवून गेले. तो नारळ आम्ही फोडून खाल्ला.

पुढं वाशीमच्या कोर्टात कुणाच्या तरी तोंडून ही गोष्ट निघाली आणि नागपूरहून एक प्राध्यापक आले. धोतरावर कोट, खांद्याला हातोडीची पिशवी. विहिरीत उतरून त्यांनी सगळे थर पाहिले. वर आल्यावर त्यांनी मला सांगितलं, की हा काळा दगड म्हणजे जमिनीच्या भेगांतून वाहून आलेला आणि निवलेला रस. एक लोट आला, थंड झाला. मग दुसरा यायला इतका काळ गेला, की मधल्या वेळात इथं तळं साचलं, झाडं वाढली, गोगलगायी झाल्या. मग पुन्हा आग आली. पांढरा थर म्हणजे त्या तळ्याचा गाळ. हाड कुणाचं ते विचारलं तर म्हणाले, फार मोडलेलं आहे, पण बहुतेक त्या प्रचंड सरड्यांच्या जातीतल्याच एकाचं. लोक आता त्यांना डायनोसॉर म्हणतात. तेव्हा तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. आजोबा हयात असते तर पुन्हा मान हलवून नाही म्हणाले असते.

त्यांना दोन्ही तुकडे न्यायचे होते. मी एकच दिला. दुसरा कशाला पाहिजे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, इथं राहू द्या, इथल्या लोकांनी पाहायला पाहिजे. ते हसले आणि त्यांनी आग्रह सोडला. त्यांनी नेलेल्या तुकड्याचं पुढं काय झालं, मला कळलं नाही.

आमची मुलगी लग्नाची झाली तेव्हा दुसरं महायुद्ध सुरू होतं. वाशीमहून पाहुणे आले, चांगलं घर, मुलगा शिकलेला. मुलगी पसंत पडली. उठताना मुलाच्या मामांनी माझ्या नवऱ्याला बाजूला नेलं. बाकी सगळं ठीक आहे, फक्त ते अभद्र हाड घराबाहेर काढा, मग सुपारी फोडू, असा निरोप होता. नवऱ्यानं मला स्वयंपाकघरात येऊन सांगितलं. मी तवा उतरवला. हाडाच्या बाबतीत आजवर मी कुणाचं मानलं नव्हतं, पण हा पोरीच्या आयुष्याचा प्रश्न होता. त्या वेळी माझं मन डगमगलं. मी मुलीला विचारलं.

ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "ज्यायले मेलेल्या सरड्याचं भेव वाटते, त्यायच्या घरी मी कायले जाऊ?"

नवरा ओसरीवर गेला आणि पाहुण्यांना नाही म्हणून आला. जन्मभर भांडण टाळलेला माणूस, त्याचा आवाज त्या दिवशी चुलीपर्यंत ऐकू आला. लग्न वर्षभरानं झालं, खेड्यातच, शेती करणाऱ्या मुलाशी. तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा ओसरीवर जागा नव्हती, म्हणून हाडावरच टेकला आणि चहा प्यायला.