सोनचाफ्याची मोकळी जागा

सत्यशीलाबाईंना नवऱ्याचा सगळ्यात जास्त राग यायचा तो त्या भिंतीमुळे. खडकीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत कोणीही आलं की नजर आधी तिथेच जायची. जास्वंद, कर्दळ, गोकर्ण, अबोली, सगळी हाताने रंगवलेली, आणि बरोबर मध्ये परातीएवढी पांढरी जागा. पाहुणा विचारायचा, "पोपडा निघालाय का?" बाई म्हणायच्या, "नाही, आमचे हे वाट बघतायत."

हे म्हणजे उत्तरेश्वर पेंटर. ते बार्शीकडून पुण्यात आले ते दुकानांच्या पाट्या रंगवायला. पुढे फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या. मग ते खराडीच्या सोसायट्यांच्या फाटकांवर 'येथे वाहन लावू नये' असं रंगवत फिरले. त्या दमदाटीच्या कोपऱ्यातही एक जास्वंद काढून यायचे. ती कोणी मागितलेली नसायची. एकदोघांनी पुसायलाही लावली. घरी रंगाच्या रिकाम्या डब्यांत त्यांनी दारापुढे बाग केली होती. हट्ट एकच, स्वतः लावलेलं फूल उमललं की मगच ते भिंतीवर काढायचं.

बाईंचा जीव सोनचाफ्यावर, म्हणून भिंतीची मधली जागा त्याच्यासाठी राखलेली. त्यांच्या माहेरच्या झाडाचं बी आणून पेंटरांनी गल्लीच्या कडेला लावलं. बियाचं झाड ते, वर्षानुवर्षं नुसती पानं. "नर्सरीतून कलम आणा, लगेच फुलेल," असं सांगून बाई थकल्या.

"मग ते नर्सरीवाल्याचं फूल होईल," एवढंच उत्तर.

झाड पत्र्याच्या वर गेलं आणि गेल्या वर्षी पेंटरच गेले. भिंत तशीच राहिली. लोक सांत्वनाला यायचे, भिंतीचं कौतुक करायचे आणि पांढऱ्या जागेपाशी आले की खाली बघायचे. बाईंना रडू कमी आलं, संताप जास्त आला. एक फूल काढून ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं?

वर्षश्राद्ध तोंडावर आलं आणि खालच्या फांदीला कळ्या दिसल्या. बाईंनी तोंडातून ब्र काढला नाही. पहाटे फिरायला निघणारी मंडळी आकड्याची काठी घेऊन दुसऱ्यांच्या फुलांवर पुण्य कमावतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. यातलं पहिलं फूल घरात यायचं होतं. रंगवणारा नाही तर नाही, ते त्या पांढऱ्या जागेवर लावायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

श्राद्धाच्या सकाळी बाई खिरीपाशी होत्या. बाहेर कोयत्याचा आवाज आला. कोणीतरी नारळ सोलत असेल, असं त्यांना वाटलं. पानं मांडून बाहेर आल्या तर सोनचाफ्याला तारेने फ्लेक्स बांधलेला. मधोमध पेंटरांचा फोटो, भोवती कुठलेसे परदेशी गुलाब, खाली गल्लीतल्या मंडळाचे सगळे चेहरे. मंडळाचा मच्छिंद्र घाम पुसत उभा होता.

"काकू, फांदी मधे येत होती. काकांचा चेहराच झाकला जात होता, म्हणून छाटली. आता पार मेन रोडवरून दिसतायत काका."

फांदी गटाराच्या झाकणावर पडली होती. बाई खाली बसल्या आणि पानं बाजूला केली. एका कळीचं टोक पिवळं व्हायला लागलं होतं.

"याला कळ्या होत्या रे," त्या म्हणाल्या.

मच्छिंद्रचा चेहरा उतरला. "अहो काकू, मग सांगायचं ना कोणाला तरी."

त्याचं म्हणणं खरं होतं, आणि म्हणूनच बाईंना आणखी चीड आली. त्यांनी फांदी उचलली, घरात नेऊन पेंटरांच्या ब्रशांच्या डब्यात पाणी भरून ठेवली. आल्यागेल्याला वाढताना त्यांचं लक्ष डब्याकडेच होतं. दिवेलागणीपर्यंत कळ्या तपकिरी पडल्या. एकही उमलली नाही.

मच्छिंद्र ओशाळून दारात आला. "काकू, फ्लेक्स काढून टाकतो."

"राहू दे," बाई म्हणाल्या. "तुमचे गुलाब तरी कोणी तोडून नेणार नाही."

मग त्या भिंतीकडे पाठ करून बसल्या आणि उरलेली खीर त्याला वाढली.