दहा वेळा मोजणारा माणूस

दिलीपभाऊ गेल्याचं मला आमच्या ग्रुपवर कळलं. हिंजवडीतल्या ऑफिसच्या कँटीनमध्ये पोह्यांची प्लेट हातात होती आणि कुणीतरी लिहिलं होतं, "आपले दिलीपभाऊ काल हार्ट अटॅकने गेले." मला आधी आठवलं ते मी त्यांना शेवटचं काय लिहिलं होतं ते... पाच आठवडे झाले, अजून तेच आठवतं.

ज्यांना दिसत नाही त्यांना मराठी मजकूर वाचून दाखवणारं एक मोफत ॲप आम्ही वीसेक जण नोकऱ्या सांभाळून बनवतो. दिलीपभाऊ जवळच्याच कासार आंबोली गावचे, जळालेल्या पंपांच्या मोटरींचं वायंडिंग, म्हणजे आतली तार, भरून देणारे. आईची दृष्टी गेली म्हणून ते आमच्यात आले. कुणीही ॲपमध्ये बदल केला की ते आपल्या जुन्या फोनवर तोच एक उतारा दहा वेळा लावायचे आणि आवाज यायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. तापलेला फोन हळू चालतो, म्हणून दर वेळी तो माठाजवळ ठेवून गार करायचे! आम्ही हसायचो. पण नव्या बदलाने ॲप मंदावलं की पहिले तेच पकडायचे. "मोटर नुसती फिरून चालत न्हाई हो," म्हणायचे, "पैल्यासारखी फिरती का, ते बघायचं."

यंदा शब्दांचे उच्चार सुधारणारा एक बदल मी मोठ्या हौसेने केला. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन. "संदीपराव, आवाज तीन सेकंद उशिरा येतोय. आईला वाटतं बोट लागलंच न्हाई. ती परत दाबती, की वाचणं बंद. लई चिडती." मी माझ्या नव्या फोनवर एकदा, फक्त एकदाच, लावून पाहिलं. झकास चाललं. आणि ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिलं, "भाऊ, आता तो डबडा फोन बदला." वर हसरा चेहरा. त्यांनी उत्तर दिलं नाही. पुढे मोजणीही कधी पाठवली नाही. मी राहतो हिंजवडीजवळ नेऱ्यात, तिथून त्यांची कासार आंबोली काही लांब नाही. पण गेलो नाही, साधा फोनही केला नाही. काय मिजास होती माझी!

ते गेल्यावर जुने फोन वापरणाऱ्यांच्या तक्रारी येऊ लागल्या. नीट पाहिलं, तर माझ्या बदलामुळे ॲप बोट लावताच आधी अख्खा शब्दकोश उघडत बसत होतं. दुरुस्ती एका दुपारची निघाली.

गेल्या रविवारी आंबोलीला गेलो. भिंतीला हात लावत त्यांच्या आई मला दिलीपभाऊंच्या दुकानात घेऊन गेल्या. म्हणाल्या, "हितं कपाटाच्या दारावर रोज पेन्शील घासायचा. मी नुसती ऐकायची. काय लिवलंय, वाच बरं."

आकडे होते, ओळीखाली ओळ. माझ्या त्या मेसेजनंतरही त्यांनी मोजणं सोडलं नव्हतं. रोज तीन सेकंद, रोज तीन... आणि तळाशी, "संदीपराव शिकलेले. माझंच मोजायला चुकत असेल."

तेही वाचलं.

"चुकत हुतं का रं त्याचं?"

"नाही आई. माझं चुकलं होतं."

त्यांनी चाचपत त्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मला काय सांगतुयास? त्याला सांगायचं हुतंस."